अरबांचा पाहुणचार आणि आपली चूल



गेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात आपल्या मंडळात तिळगुळाबरोबर दोन नव्या वस्तू आल्या होत्या हे आपणांस आठवत असेल. एक म्हणजे वेलदोड्याच्या वासाचा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा कहवा. आणि दुसरी म्हणजे गव्हाची तूप घातलेली घोटलेली हरीस. दोन्ही माझ्या शेजारणीने केल्या होत्या. पुष्कळ जणींनी चवीने खाल्ले, काही जणींनी द्रोण तसाच बाजूला ठेवला, आणि एकदोघींनी मला हळूच विचारले, "अहो, हे कुठले खाणे? आपल्यात कधी पाहिले नाही." मला नीटसे उत्तर देता आले नाही. तेव्हा अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुमची शेजारीण आहे, तर तुम्हीच शोध घ्या आणि यंदाच्या स्मरणिकेत लिहा."

माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हटला की मला परीक्षेतील सनावळ्या आठवून घाम फुटे. परंतु पावसाळ्यात दुपारी वेळ मिळे तेव्हा वाचनालयात बसले, शाळेतील एका गुरुजींनी पुस्तके काढून दिली, काही माझ्या मुलाने मोबाईलवर शोधून वाचून दाखविले. जे समजले ते आपल्या साध्या शब्दांत सांगते. वाचता वाचता माझ्याच घरातील एक गोष्ट आठवून मला फार लाज वाटली, तीही शेवटी सांगणार आहे.

आरंभ आपल्या तालुक्यापासूनच करू. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ आपण सर्वांनी पाहिले आहे. भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे, रतनगडाच्या पायथ्याशी, जेथे आपली प्रवरामाई उगम पावते तेथे ते उभे आहे. हे देऊळ शिलाहार राजा झंझ याने बांधले अशी परंपरा सांगते. झंझ राजाने शंकराची बारा देवळे बांधली असा उल्लेख शिलाहारांच्या लेखांत आहे, आणि त्यांपैकी हे एक, असे लोक मानतात. हा राजा उत्तर कोकणावर राज्य करीत होता आणि चौल हे त्याच्या राज्यातील मोठे बंदर होते.

आता गंमत पाहा. ज्याचे नाव आपण या देवळाशी जोडतो, त्याच राजाचे नाव बगदादच्या एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे. अल् मसुदी असे त्या प्रवाशाचे नाव. तो हिजरी सन 304 मध्ये, म्हणजे इ. स. 916 च्या सुमारास, चौलला आला होता. चौलला अरब लोक सैमूर म्हणत. त्याने लिहिले आहे की, या गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात; कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे, कोणी सिराफ बंदराचे. पुष्कळांचा तर जन्मच इथला. त्यांच्यातील तंटे त्यांच्यातीलच एका प्रमुखाने मिटवावेत अशी व्यवस्था होती, आणि तो प्रमुख राजाच नेमीत असे. म्हणजे शिवालये बांधणारा राजा आपल्या बंदरातील परक्यांना त्यांच्या रीतीने राहू देत होता. व्यापार हे त्याचे कारण असणारच. घोडे, खजूर, मोती तिकडून यावयाचे आणि मिरी, सागवान, कापड इकडून जावयाचे. पण नुसत्या व्यापाराने माणूस दहा हजारांची वस्ती करून राहत नाही, आणि इथेच त्याची मुले जन्मून वाढत नाहीत. घर करावयाचे तर चूल लागते, आणि चूल आली की शेजार आलाच.

त्या काळी आपल्या सर्व मुलुखावर राष्ट्रकूटांची सत्ता होती. त्यांच्या राजाला अरब लोक बल्हारा म्हणत, म्हणजे आपला वल्लभराज. इ. स. 851 मधील एका अरबी वृत्तांतात म्हटले आहे की, बल्हाराइतके अरबांवर प्रेम करणारे राजे दुसरे नाहीत. हे झाले पाहुण्यांचे म्हणणे. पण आपल्याकडचाही पुरावा आहे, आणि तो तर तांब्यावर कोरलेला आहे.

डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील एक ताम्रपट सापडला. त्यावर शके 848, म्हणजे इ. स. 926, असा काळ आहे. त्यात सांगितले आहे की, इंद्राच्या आधीचा राजा दुसरा कृष्ण याने संजाणचा प्रदेश मधुमती नावाच्या अधिकाऱ्याकडे सोपविला होता. हे संजाण आज आपल्या सीमेला लागून गुजरातेत आहे. मधुमती हे नाव ऐकून आपणांस एखादी बाई वाटेल, पण तसे नाही. तो ताजिक होता, म्हणजे अरब. त्याचे खरे नाव महंमद. संस्कृत लिहिणाऱ्याने त्याचे मधुमती केले! आपल्याकडे परक्या नावाला आपल्या जिभेचे वळण देण्याची खोड किती जुनी आहे ते यावरून दिसते.

या मधुमतीने काय केले म्हणून त्याचे नाव तांब्यावर आले? त्याने दोन नद्यांवर वाटसरूंसाठी फुकट नावा सुरू केल्या, आणि एक अन्नछत्र घातले. त्या छत्रात साळीच्या तांदळाचा भात, कालवण आणि तूप हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विनामूल्य वाढले जाई. एवढेच नव्हे, एका ब्राह्मणाने बांधलेल्या भगवतीच्या मठिकेला त्याने राजाच्या संमतीने गाव व जमीन दिली, ती नैवेद्यासाठी आणि मठातील लोकांच्या भोजनासाठी.

भगिनींनो, मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. हजार वर्षांपूर्वी एक अरब अधिकारी आपल्या देशात अन्नछत्र घालतो आणि त्यात काय वाढतो? तर त्या मुलखाचे अन्न. भात, कालवण, तूप. आपल्या घरी आपण पुरणपोळीचा आग्रह करतो तो प्रेमानेच. परंतु समोरच्याला काय चालते, काय आवडते, हे आधी पाहणे हा त्याहून मोठा पाहुणचार होय.

आणि ही काही त्या एका अधिकाऱ्याचीच रीत नव्हती. सिराफ हे इराणच्या किनाऱ्यावरचे त्या वेळचे मोठे बंदर. तेथील अबू झैद नावाच्या गृहस्थाने दहाव्या शतकात लिहिलेली एक हकीकत अशी आहे. हिंदुस्थानातील व्यापारी सिराफला गेले म्हणजे तेथील एखादा मोठा सावकार त्यांना जेवावयास बोलावी. पंगत कधी कधी शंभर माणसांची असे. तिकडची पद्धत अशी की, मोठ्या थाळ्यात जेवण वाढावयाचे आणि सर्वांनी मिळून त्यातच खावयाचे. एका थाळ्यात जेवणे म्हणजे भाऊ होणे, अशी त्यांची भावना. पण आपल्या लोकांना दुसऱ्याबरोबर एका ताटात जेवणे चालत नसे. ते फार लाजिरवाणे वाटे. तेव्हा तो यजमान काय करी? शंभर पाहुण्यांपुढे शंभर वेगळी ताटे मांडी! 'आमच्या घरी आलात तर आमच्या रीतीने जेवा' असे तो म्हणत नसे.

आता आपल्या स्वयंपाकघरात या येण्याजाण्याच्या काय खुणा राहिल्या ते पाहू. आपण रोज ज्याला 'मसाला' म्हणतो तो शब्द मुळात अरबी आहे. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. मुरंबा, सरबत, हलवा, कबाब हे शब्दही अरबीच. तबक आणि सुरई हेही तिकडचेच, आणि भांडी घासल्यावर हात धुवावयाचा तो साबणसुद्धा. जिलेबीचे मूळ अरबांच्या झलाबिया नावाच्या पक्वान्नात आहे. दहाव्या शतकात बगदादेत लिहिलेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात ती आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातील रघुनाथ पंडितांच्या 'भोजनकुतूहल' या सतराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात तर जिलेबीची कृतीच दिलेली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी जिलेबीच्या या प्रवासावर मोठ्या परिश्रमाने लेख लिहिला होता. आज लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याबरोबर जिलेबी वाढताना ती परकी आहे असे कोणाच्या मनात तरी येते काय?

तिकडे आपण काय पाठविले? आपले नारिंग. अल् मसुदी सांगतो की, नारिंगाचे झाड हिजरी सन 300 नंतर हिंदुस्थानातून नेऊन प्रथम ओमानात लावले, मग ते बसरा, इराक, शामपर्यंत गेले. अरबीत त्याला नारंज म्हणतात, तो आपलाच नारंग. आपल्या साखरेचे त्यांनी सुक्कर केले, नारळाचे नारजील केले. आणि आपली ही घराघरांतील चिंच! तिला ते 'तमर हिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. त्यावरूनच इंग्रजीत टॅमरिंड झाले. ते आपल्या चिंचेला खजूर समजले, आपण त्यांच्या महंमदाला मधुमती केले. फिटंफाट झाली म्हणावयाची.

पुढे शतके गेली तरी ही वाट बंद पडली नाही. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातील अरब शिपाई मोठ्या संख्येने आले. हैदराबादेतील बारकस ही त्यांची वस्ती, आणि आपल्या शेजारच्या मराठवाड्यात त्यांचे वंशज चाऊस या नावाने आजही आहेत. मराठी आपल्यासारखीच बोलतात. त्यांच्याबरोबर हरीस आली आणि तिच्यातूनच हैदराबादचे हलीम झाले असे सांगतात. इकडे कोकणातील मुसलमान मंडळी पिढ्यान् पिढ्या खलाशी होऊन, पुढे नोकरीनिमित्त, आखाताकडे जात राहिली. एके काळी आपला रुपयाच तिकडे चाले. 1959 साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या, आणि ओमानात तर 1970 पर्यंत त्या चालत होत्या. 1973 नंतर तेलाचा पैसा वाढला तसे जाणारेही वाढले.

त्या जाणाऱ्यांपैकीच एक माझी शेजारीण. आम्ही सर्व तिला भाभी म्हणतो. माहेर श्रीवर्धनकडचे. लग्न होऊन ती मस्कतला गेली तेव्हा तिला तेथील भाषा येत नव्हती, ओळखीचे कोणी नव्हते. पहिल्याच आठवड्यात शेजारची एक ओमानी वृद्धा तिच्या दाराशी कहव्याची चोचीची किटली आणि खजुराची थाळी घेऊन आली. भाषा नव्हती म्हणून तिने खुणेने सर्व शिकविले. आधी खजूर द्यावयाचा. किटली डाव्या हातात धरावयाची आणि बिनकानाची लहान पेली उजव्या हाताने पुढे करावयाची. पेली काठोकाठ भरावयाची नाही, कारण भरली तर 'प्या आणि निघा' असा अर्थ होतो. पाहुण्याने पेली रिकामी केली की पुन्हा ओतावयाचे. पुरे झाले की त्याने पेली हातात हलवून दाखवावयाची, म्हणजे यजमानीण थांबते. आपल्याकडे नको म्हटले तरी वाढतात आणि ताटावर हात आडवा धरावा लागतो, त्यापेक्षा ही खूण बरी! भाभी म्हणते, "वहिनी, त्या म्हातारीचा एक शब्द मला कळला नाय, पण माझं रडू मात्र थांबलं." अकरा वर्षांनी ती परत आली ती कहवा आणि हरीस हातात घेऊनच. 2015 साली अरबी कॉफीला आणि 2023 साली हरीसला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, हे मुलाने वाचून दाखविले तेव्हा मला भाभीचाच सत्कार झाल्यासारखे वाटले.

आता माझी गोष्ट. भाभीचे कुटुंब 2017 साली अकोल्यात आले. तिचे यजमान विजेच्या मोटारी रिवाइंडिंगचे काम करतात. आमच्या मागच्या खोल्यांत ते राहू लागले. पहिली ईद आली तेव्हा भाभीने काचेची वाटी भरून शिरखुर्मा आणला. मी हसून घेतला. ती गेल्यावर मात्र कोणत्या भांड्यात केला असेल, त्या भांड्यात आणखी काय शिजले असेल, असे मनात आले आणि मी तो उचलून गाईच्या टोपल्यात ओतला. वाटी विसळली आणि रिकामीच परत पाठविली. भगिनींनो, शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे माझ्या आईने मला शिकविले होते. वाटी घेऊन माझी सहा वर्षांची मुलगी गेली होती. भाभीने तिला सहज विचारले, "आवडला का गं?" ती पोर निरागसपणे म्हणाली, "आम्ही नाही खाल्ला, आमच्या गाईने खाल्ला."

हे मला मुलीनेच येऊन सांगितले. भाभी मला कधी काही बोलली नाही. मीही बोलले नाही. पाणी भरताना भेट होई तेव्हा ती पूर्वीसारखीच हसे, आणि ते हसणे मला बोचे.

पुढल्या ईदच्या आधी दोन दिवस ती माझ्या दाराशी आली. हातात नवे कोरे पातेले, दुकानाचा कागद अजून चिकटलेला. म्हणाली, "वहिनी, हे तुमच्यासाठीच घेतलंय. तुमच्या घरात, तुमच्या गॅसवर, तुमच्या दुधात करते. तुम्ही समोर बसा." माझ्याने नाही म्हणवले नाही. तिने शेवया भाजल्या, दूध आटविले, खजूर चिरून घातला, आणि आम्ही दोघींनी तेथेच ओट्यापाशी उभ्याने खाल्ले. पातेले ती माझ्याकडेच ठेवून गेली. तेव्हा मला वाटले, बाई मोठ्या समजूतदार मनाची आहे. एवढ्यावर मी गोष्ट संपविली.

पण या पावसाळ्यात वाचनालयात सिराफच्या सावकाराची शंभर ताटांची हकीकत वाचली आणि एकदम ते पातेले डोळ्यांपुढे आले. त्या सावकाराने आपल्या लोकांचे सोवळे सांभाळले, म्हणून नवी ताटे मांडली. भाभीने माझे सोवळे सांभाळले, म्हणून नवे पातेले आणले. आणि तेही मी तिचे अन्न गाईला घातल्यानंतर. हजार वर्षांत पाहुणचार करणारे बदलले नाहीत. मी मात्र त्या शंभर पाहुण्यांपेक्षाही कमी पडले. ते निदान यजमानाच्या घरी जाऊन जेवले तरी!

संक्रांतीला भाभीने हरीस केली ती त्याच पातेल्यात. कृती पुष्कळ जणींनी मागितली आहे, ती अशी. खीर करावयास घेतो तसा गहू रात्री भिजत घालून सकाळी निथळावा, ओलसर असतानाच उखळात कांडून पाखडावा आणि कोंडा काढावा. मग भरपूर पाणी व मीठ घालून अगदी मंद आचेवर चार-पाच तास शिजवावा. तिकडे त्यात मांस घालतात. आपल्यासाठी तिने ते वगळले. दाणा मऊ झाला की लाकडी रवीने दाणा आणि पाणी वेगळे दिसेनासे होईपर्यंत घोटावे, आणि वाढताना वर तूप सोडावे. यात गूळ घातला की आपली गव्हाची खीरच. आपली मुले तिला आपली म्हणतात, ओमानची मुले हिला आपली म्हणतात. घोटण्याचे कष्ट मात्र दोन्हीकडच्या बायकांना सारखेच!

भगिनींनो, आपल्या अकोल्यात दर वर्षी नवी कुटुंबे येतात. कोणी नोकरीच्या बदलीने, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी, कोणी कामाच्या शोधात. त्यांच्या घरी आधी कोण जाते? बहुधा कोणीच नाही. आपण खिडकीतून त्यांचे सामान मोजतो. माझी मंडळाला एवढीच सूचना आहे की, आपल्या गल्लीत नवे बिऱ्हाड आले म्हणजे आठ दिवसांच्या आत मंडळाच्या दोघीजणींनी तेथे जावे. रिकाम्या हाताने जाऊ नये. आणि काय नेले तर चालेल हे आधी विचारून जावे. येताना त्यांच्या हातचेही घोटभर काहीतरी घ्यावे. संक्रांतीला ज्या भगिनींनी द्रोण बाजूला ठेवला त्यांना मी नावे ठेवीत नाही. मला तो अधिकारच नाही. मला कळावयास इतकी वर्षे लागली, त्यांना निदान तेवढी नकोत म्हणून हा खटाटोप.

भाभीला मराठी उत्तम वाचता येते. ही स्मरणिका तिच्याही हातात पडेल. त्या वेळी मला समोर बसून बोलता आले नाही ते येथे लिहिते : भाभी, त्या दिवशी माझे चुकले. तुमची काचेची वाटी भरून परत करावयाची राहिली आहे. वर्धापनदिनाच्या सकाळी मी ती मागावयास येणार आहे; भरून आणण्यासाठी.